नखाएवढं कार्ड

मी जन्मभर वस्तू हातात तोलून घेतली. भांडं असो की भोपळा, माझा हात चुकत नाही, असा माझा तोरा होता.

नात नंदिनीचं लग्न ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आमच्या धोंडबांना घरी न्या म्हणून सांगून टाकलं होतं. लग्न तेवढं पाहतील, एवढीच आशा. पन्नास वर्षांच्या संसारात या माणसाने धड एक फोटो काढू दिला नाही. नातू धम्मदीपने नवा कॅमेरा घेतला होता. त्याला मी बजावलं, "भिंतीवर लावायले आबाजीचा फोटो पाहिजे मले. हाच मोका आहे."

सीताबर्डीच्या बाजारात मी सोबत गेले. दुकानदार ईश्वरदासने लेन्ससमोर लावायचा काचेचा फिल्टर दाखवला. चांगला जड. मग नखाएवढं मेमरी कार्ड.

"मावशी, फिल्टर साधा घेतला तरी चालते. कार्ड मात्र ओरिजनलच घ्या."

"तुही जीभ गल्ल्याकडं वळते, भाऊ. हे तर फुकलं तर उडते!"

"आजी, फोटो त्याच्यातच राहते," धम्मदीप म्हणाला.

"मले नको शिकवू गा. काच चांगली तर फोटो चांगला."

फिल्टर भारीतला घेतला. कार्ड बाहेर फुटपाथवर, निम्म्या भावात. तेच नाव, तोच रंग.

लग्नात धोंडबा पांढरा सदरा घालून खुर्चीत बसले. "दात नाही गा मले, हसू कसा?"

"तसेच हसा, आबाजी."

हसले. कॅमेऱ्यावर मी स्वतः पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर हार घालेपर्यंतचे फोटो निघाले. पुढे नुसत्या करड्या पाट्या; यांचं हसूही त्यातच गेलं. कार्ड नकली, लिहिलं होतं त्याच्या पावभरही त्यात मावत नव्हतं. धम्मदीप पुन्हा फोटो काढायला खाटेपाशी गेला, तर यांची शुद्ध गेलेली. ती परत आली नाही.

हे गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धमूर्तीशेजारी मतदार कार्डावरचा फोटो मोठा करून ठेवला. नाक कोणतं, डोळा कोणता, कळेना. नणंद कांताबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "घरात फोटोग्राफर, अन् माह्या भावाचा हा असा फोटो? काहून गा धम्मदीप?"

"कार्ड मीच हलकं घेतलं, आजी," तो कांताबाईला म्हणाला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी ताठ बसून राहिले. कोणाला न सोडणारी ही जीभ उचललीच नाही.

कॅमेरा त्याने विकला. फिल्टर तेवढा काढून माझ्या उशाशी आणून ठेवला. "तुह्या पसंतीचा आहे," म्हणाला.

हाताला अजून तसाच जड लागतो.