दहापैकी चार

कॅप्टननी जहाज पाहिलं होतं ते फक्त कॅलेंडरवर. मोठ्या हॉटेलांत वेटरांवर देखरेख करणाऱ्याला कॅप्टन म्हणतात, आणि छत्तीस वर्षं तेच काम केल्यामुळे हा गृहस्थ घरातही कॅप्टनच झाला होता. बायको एरवी 'अहो' म्हणे, चिडली की 'कॅप्टन'.

निवृत्तीनंतरच्या या पहिल्याच प्रवासात ती रोज दोनदा चिडत होती, सकाळच्या जेवणाला एकदा आणि रात्रीच्या जेवणाला एकदा. कारण खाणावळ कुठलीही असो, कॅप्टन तिथे जेवायला बसत नसत, तपासणीला बसत. म्हणून आज तिनं दारातच दम भरला. या उपाहारगृहात वाढणाऱ्या सगळ्या बायका शेजारच्या आधारगृहातल्या होत्या, घर सोडून यावं लागलेल्या. इथे चार महिने काम शिकायचं आणि मग बाहेर नोकरी धरायची, अशी सोय होती. प्रवासी मुद्दाम वाट वाकडी करून इथे जेवायला येत.

"इथे तोंडातून चकार शब्द काढलात, तर पुढचा प्रवास मी एकटी करीन," बायको म्हणाली. कॅप्टननी मुकाट्यानं मान डोलवली. तिकिटं तिच्याच पर्समध्ये होती.

जागा खरंच नीटनेटकी होती. भिंतींना नवा रंग, टेबलांवरच्या कापडांना कडक इस्त्री. मग सूप आलं. आणणारी बाई चाळिशीची, निळा एप्रन, केस घट्ट बांधलेले, आणि तिचा अंगठा चांगला पेरभर सुपात बुडालेला. "सॉरी," म्हणत तिनं वाटी ठेवली. पुढे तिनं चुकीच्या बाजूनं वाढलं, बायको जेवत असतानाच कॅप्टनचं ताट उचललं, आणि बायकोच्या कानाशी ताटांवर ताटं रचली. नुसतं पाणी ओततानाही 'सॉरी' होतंच. कॅप्टननी टेबलाखाली स्वतःचा गुडघा गच्च धरून ठेवला. जेवण मात्र झकास होतं, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं.

शेवटी एक कार्ड आलं. सेवा कशी वाटली, दहापैकी गुण द्या. अशी कार्डं बायको चष्माही न लावता दहा लिहून परत करी. पण ती नेमकी हात धुवायला गेली होती. कॅप्टननी विचार केला, शब्द दिलाय तो तोंडाचा, हाताचा कुठे दिलाय? त्यांनी चार लिहिले.

बायको परत येईपर्यंत कार्ड त्या बाईच्या हातात होतं. बाईनं आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि ती आत गेली. काय झालं ते कळल्यावर बायकोनं कपाळाला हात लावला. तिनं चिडायला हवं होतं, पण तिनं नुसतीच पर्स आवरायला घेतली, आणि ते कॅप्टनना जास्त लागलं. आपण एका दुखावलेल्या जिवाला आणखी दुखावलं असं वाटून त्यांना मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात बाई परत आली. हातात रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा.

"काका, ही त्रेसष्ट कार्डं आहेत. सगळ्यांवर दहा. ही दाखवून दोन हॉटेलांत एकेक दिवस काम करून पाहिलं, दोन्हीकडून परत पाठवलं. काय चुकतं ते कुणी सांगत नाही. उद्या तिसरीकडे जायचंय. माझे सहा गुण कुठे गेले, सांगाल?"

कॅप्टननी भीत भीत बायकोकडे पाहिलं.

"बोला आता," ती म्हणाली. "एरवी गप्प बसवत नाही ना?"

कॅप्टन उठले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या. अंगठा कुठे ठेवायचा, कुठल्या हाताला उभं राहायचं, ताट कधी उचलायचं, सगळं त्यांनी रिकाम्या वाट्या-ताटं घेऊन करून दाखवलं. बाई एकदा सांगितलेलं विसरत नव्हती. हातापायांच्या पाच चुका भराभर निघाल्या.

"आणि सहावी?" बाईनं विचारलं.

"प्रत्येक वेळी सॉरी म्हणता. काही चुकलेलं नसताना माफी मागितली, की गिऱ्हाईक चूक शोधायला लागतं."

बाईनं हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "घरी ताट ठेवायच्या आधीच म्हणावं लागायचं. तोंडात बसलंय ते."

कॅप्टननी एक वाटी तिच्या हातात दिली. "वाटी ठेवायची आणि दोन पावलं मागे यायचं. बस्स. बोलायचं काहीच नाही."

मग बायकोला पुन्हा टेबलाशी बसवलं. पोट तुडुंब भरलेलं असूनही ती माउली सुपापासून परत जेवली. बाईनं वाटी ठेवली, दोन पावलं मागे आली. भाजीलाही तसंच. भाताला मात्र 'सॉरी' निसटलं आणि तिनं जीभ चावली.

नवं कार्ड बायकोपुढे आलं. तिनं पर्समधून चष्मा काढला, लावला, बराच वेळ विचार केला आणि सात लिहिले.

बाईनं ते वाचलं आणि प्रथमच मोकळेपणानं हसली. त्रेसष्ट कार्डांचा गठ्ठा तिनं तिथेच टेबलावर ठेवला आणि चाराचं व साताचं अशी दोनच कार्डं एप्रनच्या खिशात घातली.

"उद्या एवढीच नेते," ती म्हणाली. "एका दुपारात चाराचे सात झाले, ते तरी त्यांना दिसेल."