बाबांची दोन घंगाळं

मत्स्यबीज केंद्राच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध बाबा, पुढ्यात दोन घंगाळं, भोवती उदबत्त्यांचा धूर. पहिल्या घंगाळात सोडलेले दोन मासे बघता बघता पोट वर करून तरंगले. बाबांनी एक उचलला. चिंधीसारखा लोंबत होता.

"गेला. आता परत बोलावतो," म्हणत त्यांनी तो दुसऱ्या घंगाळात सोडला आणि पुटपुटू लागले. हळूहळू कल्ले हलले, मग शेपूट. सगळ्यांनी हात जोडले.

माझ्या धाकट्या जावेने पदराने डोळे टिपले. तिच्या लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन परवावर आलं होतं. "ताई, मी तारीख रद्द करते. भूल दिल्यावर पोर उठलीच नाही तर? बाबा फुंकरीने बरं करतात."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्या धुरातूनही मला लवंगेचा वास आला होता. चाळीस वर्षांपूर्वी याच अंगणात आम्ही बायका माशांची अंडी काढायचो. मासे धडपडून जखमी होऊ नयेत म्हणून डॉक्टरीणबाई पाण्यात लवंगतेल मोजून घालत, नजर घड्याळावर ठेवून. काम झालं की मासा ताज्या पाण्यात शुद्धीवर येई. घरी गेल्यावर नवरा विचारायचा, "मासे सांभाळलेस की मसाला कुटलास?" हल्ली लवंगतेलाऐवजी तयार पुडी येते, आताच्या पोरींना तो वास कुठून ठाऊक असणार?

मी पुढे झाले. "बाबा, दुसऱ्याला पहिल्याच घंगाळात उठवा की."

"आजी, ते पाणी मृत्यूचं आहे. हे जीवनाचं."

"म्हणजे मंत्र पाण्यालाच येतो म्हणायचा."

कोणीतरी फिसकन हसलं. मी तो दुसरा मासा तळ्याच्या पाण्याच्या बादलीत धरला आणि मोठ्याने एकोणतीसचा पाढा सुरू केला. तिसऱ्यांदा म्हणताना शेपूट हललं. मग पहिल्या घंगाळातलं ओंजळभर पाणी जावेच्या नाकाशी नेलं.

"दाढदुखीच्या औषधासारखा वास येतोय," ती म्हणाली. बाबा तोवर चपला शोधत होते.

"म्हणजे मासा मेलाच नव्हता?"

"भूल दिली होती. ज्या भुलीला तू घाबरतेस, तिच्याच जिवावर हा लबाड देव झाला. वेळ चुकली असती तर मासा खरंच मेला असता, आणि यानं तुझ्या श्रद्धेला बोल लावला असता."

"पण मला भीती वाटतेच."

"वाटू दे. दवाखान्यात जा आणि विचार: काय देणार, किती देणार, धोका कोणता, पोर कधी उठेल."

"विचारलं तर रागावतील."

"रागावले तर दुसरा डॉक्टर गाठू. पण विचारल्याशिवाय जीव कुणाच्याही हाती द्यायचा नाही. माशाचासुद्धा."