जमिनीवरचा दाणा

धान्याची देवी डेमेटर, तिच्या सणाचे तीन दिवस पुरुषांना देवळाच्या टेकडीवर पाऊल टाकता येत नाही. माझा नवरा फेडिमोस म्हणाला, यंदा नाही गेलीस तरी चालेल. मी म्हटलं, जाते. आमची लेक मेलित्ता जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्या वर्षात माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. गावातल्या बायका पाठीमागे म्हणायच्या, दगड आहे. मला त्यांचा राग यायचा नाही, कारण ते खरंच होतं. भाकरी भाजताना हात पोळला तरी मला उशिरा कळायचं.

दुसरा दिवस उपासाचा. त्या दिवशी निर्गुडीच्या डहाळ्या अंथरून जमिनीवर बसायचं, कारण लेक हरवली तेव्हा देवीही अशीच बसली होती. आणि मग एकमेकींना वाट्टेल ते चावट बोलायचं, कारण देवीला त्या दुःखात एका म्हातारीने असंच बोलून हसवलं होतं. या कामात माझ्या सासूचा, निकारेटेचा, हात धरणारी कोणी नाही. शेजारच्या आर्खिप्पीला ती म्हणाली, "तुझा नवरा म्हणजे मळणीचा बैल गं. गोल गोल फिरतो नि पोचत कुठंच नाही." बायका हसून हसून आडव्या झाल्या. आर्खिप्पीने परतफेड केली, ती काही सांगण्यासारखी नाही. मग दोघी मिळून माझ्या मागे लागल्या. एकीने फेडिमोसची नक्कल केली, दुसरीने माझी. मी निर्गुडीची पानं खुडत बसले.

मी आले होते ती तिसऱ्या दिवसासाठी. त्या दिवशी आमच्याकडे डाळिंबाने उपास सोडतात. हातातलं हवं तेवढं खा, पण जमिनीवर पडलेल्या दाण्याला तोंड लावायचं नाही, एरवीही नाही आणि सणात तर मुळीच नाही. तो मेलेल्यांचा. देवीच्या लेकीला पाताळाच्या राजाने पळवलं, आईने पृथ्वी डोक्यावर घेऊन तिला सोडवून आणलं, पण तोवर पोरीने तिथल्या डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. तिथलं खाल्लं की माणूस तिथलं होतं. म्हणून तिला दरवर्षी परत खाली जावं लागतं. हे आमच्यात चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं.

मेलित्तालाही ठाऊक होतं. आठ वर्षांची होती. मागच्या वर्षी ऑलिव्ह झोडपायच्या दिवसांत तिला ताप आला. काही घशाखाली उतरेना, म्हणून मी डाळिंब सोलून दिलं. एक दाणा तिच्या हातातून फरशीवर पडला. तिने माझ्याकडे पाहिलं, हसली, उचलून तोंडात टाकला. मी बघत होते. मला म्हणता आलं असतं, थुंक. पण तीन दिवसांनी ती पहिल्यांदा हसली होती, म्हणून मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी ती गेली. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

म्हणून वर्षभर मी या एका सकाळची वाट बघत होते. ज्या दाण्याने तिला नेलं, तोच मला नेईल. ती अंधाराला घाबरायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी डाळिंबं फुटली. बायका बोलत होत्या, खात होत्या, पोटुशी असलेल्या सुनांच्या ओटीत दाणे घालत होत्या. माझ्या पायाशी एक दाणा पडला. मी त्याच्यावर हात ठेवला, थोडं थांबले आणि तोंडात टाकला. माती लागली, मग आंबट लागलं. बाकी काही झालं नाही.

"एकच घेतलास?" सासू शेजारी बसली होती. मला वाटलं, आता आरडाओरडा करून सगळ्यांना गोळा करेल. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "फेडिमोसच्या आधीची माझी तीन पोरं गेली, फिलिन्ने. तेव्हापासून दर सणाला मी जमिनीवरचे दाणे खाते. एकदा तर ओंजळभर खाल्ले. मला न्यायला कोणी आलं नाही."

सणाची सगळी शिस्त गावाला शिकवणारी बाई ही. मग मी तिला फरशीवरच्या त्या दाण्याचं सांगितलं. माझाच आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता.

"मी दारात होते तेव्हा," ती म्हणाली. "मीही बघितलं. ताप होता गं पोरी. दाण्यात काही नसतं."

म्हणजे माझी चूक नव्हती. हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं, आणि मी वाट बघितली, पण वाटलं नाही. दाण्यात काही नव्हतं, म्हणजे तिच्यापर्यंत जायची वाटही त्यात नव्हती. वर्षभर मी त्या वाटेच्या आशेवर उठत होते, दळत होते, झोपत होते.

सासूने अर्धं डाळिंब माझ्या मांडीवर ठेवलं. "हातातलं खा आता. उपास सोड."

मला भूक लागली होती. एका दिवसाची नाही, वर्षाची. मला त्या भुकेची फार लाज वाटली, आणि मी खाल्लं.