अकरावं पाणी

टाकीकाकांनी बादली कलती केली आणि दुकानामागच्या फरशीवरून पाणी मोरीकडे धावलं. वाळू तळाशी तशीच बसून राहिली. त्यांनी नळाची नळी वाळूत खोल खुपसली, नळ सोडला, बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हे अकरावं पाणी होतं.

"मेल्याने वाळू म्हणून सिमेंट गळ्यात मारलंय," ते बादलीलाच म्हणाले.

रंगीत माशांच्या टाक्या बसवून द्यायचा त्यांचा धंदा, तोही तीस वर्षांचा, त्यामुळे खरं नाव आता टपालापुरतंच उरलं होतं. नवी वाळू आणली की आधी धुवायची, हा या धंद्यातला पहिला धडा. तशीच घातली तर टाकीतलं पाणी आठवडाभर ताकासारखं पांढरं राहतं आणि माशांचा जीव गुदमरतो. बरी वाळू असली तर तीन-चार पाण्यांत काम होतं. उद्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे टाकी बसवायची होती, बाहेर थांबलेली मुलं रडू नयेत म्हणून, आणि काका मात्र सकाळपासून एकाच बादलीशी झुंजत बसले होते. वाळूच्या व्यापाऱ्याची फोनवर दोनदा खरडपट्टी काढून झाली होती. तो बिचारा शपथांवर शपथा घेत होता.

त्यांची बायको, म्हणजे गिऱ्हाइकांच्या काकू, चहाचा कप घेऊन मागच्या दारात आल्या आणि तिथेच थांबल्या.

बादलीतलं पाणी स्वच्छ होतं. नळातून येत होतं तेवढंच स्वच्छ. तळाच्या वाळूचा कण न् कण दिसत होता, काकांच्या नखात अडकलेला काळा खडासुद्धा.

काकांचा उजवा डोळा गेल्यात जमा होता. काचबिंदू. डाव्यालाही सुरुवात झालीये, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत स्पष्ट सांगितलं होतं; गेलेली नजर परत आणता येत नाही, उरलेली राखता येते, पण वेळ दवडू नका. त्यावर काकांनी, जन्म काचेच्या टाक्यांत गेला, मग बिंदू काय मातीचा होणार, असा विनोद केला आणि घरी येऊन ती चिठ्ठी खणात टाकली. पुढची भेट एकदा फिल्टर बिघडला म्हणून चुकली, एकदा पाहुणे आले म्हणून. पाहुणे काकांनीच बोलावले होते. आज साडेचारची वेळ मिळाली होती, तिसऱ्यांदा. डाव्या डोळ्याला काही धाड भरलेली नाही, हे त्यांचं पालुपद चालूच होतं.

आणि त्या पालुपदाला साथ काकूंची होती, हेही सांगायला हवं. माशांच्या औषधांच्या बाटल्यांवरची नावं त्या आपल्याशीच बोलल्यासारखं करून मोठ्याने वाचत. मागच्या महिन्यात काकांनी अंगावर पांढरे ठिपके आलेला मासा एका गिऱ्हाइकाला दिला आणि आठवड्याभरात त्याची अख्खी टाकी मेली. तो तक्रार घेऊन आला, तर काकूंनी त्याला दारातच गाठलं, माल वरूनच खराब आला म्हणाल्या आणि काकांच्या कानावर काही जाऊ दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं म्हणजे त्यांना भीती वाटायची. या माणसाच्या हातून टाक्या काढून घेतल्या तर दिवसभर हा करणार काय?

"बघ गं जरा," काका म्हणाले. "गढूळच आहे ना अजून?"

विचारलं सहज, पण मान वर केली नाही. हातही फिरायचा थांबला.

"आहे," काकू म्हणाल्या. "जरासं आहे."

सवयीने निघून गेलं तोंडातून.

काकांचा चेहरा असा खुलला की काकूंना बघवेना. त्यांनी चहा दोन घोटांत संपवला आणि एकदम बोलायलाच लागले. सकाळपासून डोक्यात किडा वळवळत होता म्हणे. वाळू ठीक असेल आणि आपला डोळाच दगा देत असेल तर? म्हणून मनाशी ठरवून टाकलं होतं, की तू पाणी स्वच्छ आहे म्हणालीस तर आज गुपचूप डॉक्टरांकडे जायचं, एक शब्द बोलायचा नाही.

"मिटलं आता. डोळा शाबूत आहे," ते म्हणाले. "त्या दवाखान्यात फोन करून सांग, येत नाही म्हणावं."

आणि बारावं पाणी भरायला घेतलं.

काकू आत गेल्या, नंबर लावला. दवाखान्यातल्या मुलीने उचलला, बोला म्हणाली. काकूंना दोनच शब्द बोलायचे होते. मागच्या दारातून काका दिसत होते. दाणा दिसला की कोंबडी मान वाकडी करते, तशी मान वाकडी करून ते डावा डोळा बादलीवर आणत होते, आणि ते स्वच्छ पाणी पुन्हा ओतून देत होते. काकूंना स्वतःचाच राग आला. आपण म्हणत होतो, याला जपतोय. उरलेला डोळा आपणच घालवायला निघालोय.

"हॅलो?" मुलगी म्हणाली.

साडेचारला नक्की येतोय, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. बाहेर आल्या, नळ बंद केला आणि ओल्या फरशीवरच बसल्या.

"अहो, पाणी स्वच्छ आहे."

"आत्ताच तर म्हणालीस..."

"खोटं बोलले."

मग त्यांनी सगळंच सांगितलं. पांढऱ्या ठिपक्यांचा मासा, त्या माणसाची मेलेली टाकी, बाटल्यांवरची नावं. सांगताना त्या काकांकडे बघत नव्हत्या. ते चिडले असते तर बरं झालं असतं, पण ते चिडले नाहीत. त्यांनी वाळू मुठीत घेतली, हळूच दाबली, सोडून दिली.

"तिसऱ्या पाण्यालाच हाताला कळलं होतं," ते म्हणाले. "धुतलेली वाळू चरचरते. सकाळपासून मी या हातालाच खोटं ठरवतोय."

शेजारच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं, ते थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"डॉक्टर विचारतील, कधीपासून कमी दिसतंय," काका म्हणाले. "मला काही सांगता येणार नाही. तूच सांग. आणखी काय काय आहे?"

काकूंनी सांगितलं. दुकानाच्या पायरीला अलीकडे रोज ठेच लागते. गेल्या आठवड्यात रस्त्यात जुन्या शेजाऱ्यांनी हात केला, तुम्ही तसेच पुढे गेलात. ते मागून मला विचारत होते, काही राग आहे का म्हणून.

"आणखी?"

"राहू दे ना आता."

"सांग गं."

काकूंनी पदराने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिल्या.

"मी केस रंगवायचं सोडलंय," त्या म्हणाल्या. "आठ महिने झाले."

काकांनी मान वाकडी केली. डावा डोळा काकूंकडे आणला आणि तसाच धरून ठेवला.

"सगळे पांढरे?"

"सगळे."

बादलीतून हात काढून त्यांनी तो पँटला पुसला, आधी तळवा, मग एक-एक बोट.

"चांगले दिसत असतील," ते म्हणाले.