खंडेनवमीची किल्ली

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या त्या गोदामात कॉम्प्युटर आला, तेव्हाच इंद्रजीत शेठनी तो चालवणाऱ्या दमयंतीला बजावलं होतं. खोलीची किल्ली तिच्याचकडे राहील, बाहेरची फ्लॉपी मशीनला लागणार नाही, आणि नोंदींच्या नकलेच्या फ्लॉप्या रोज संध्याकाळी तिच्याबरोबर घरी जातील. शेजारच्या गोदामातली मालाची सगळी नोंद व्हायरसने पुसून टाकली होती, त्याची धास्ती शेठनी घेतली होती. "किल्ली हातातून सुटली तर नोकरीही सुटली, असं समज," ते म्हणाले होते.

खंडेनवमीला किल्ली सुटली. मॅनेजर विनायकरावांनी क्रेनचे हूक, वजनं, कटर पूजेला मांडले, कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला आणि सगळ्या किल्ल्या, फ्लॉप्या ताटात मागून घेतल्या. प्रत्येकीवर कुंकवाचं बोट लागलं.

"साहेब, माझी किल्ली तेवढी..."

"अगं, हत्यारांनाही वर्षातून एकदा विश्रांती हवी. उद्या दसऱ्याला शेठ स्वतः मशीन सुरू करतील. तोवर कुणी हात लावायचा नाही."

दिवसभर खोली सताड उघडी. ट्रकवाले, दलाल, हमाल प्रसादाला येत आणि आत डोकावून हात जोडत.  दमयंती पुन्हा पुन्हा गेटवरच्या रखवालदार गोमाकडे जाई.

"ताई, चोर आला तर मी धरीन," गोमा म्हणाला. "पन पाया पडाया आलेल्याला कसा आडवू?"

घरी निघताना ती खोलीत गेली. मशीनच्या फटीत एक फ्लॉपी अडकलेली होती आणि तिच्यावर कुंकू नव्हतं. दमयंतीने मशीनवर तळहात टेकवला. ते कोमट होतं. 

"ती माझी," मागून विनायकराव म्हणाले. "पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम आहे तिच्यात. मित्राने दिली. आमच्या रुचिराला स्थळ आलंय, म्हटलं दिवस चांगला आहे."

"पण हात लावायचा नाही म्हणालात."

"कामासाठी गं. हे घरचं होतं."

दमयंतीने ती फ्लॉपी काढून त्यांच्या हातात दिली. मग ताटातल्या नकलेच्या फ्लॉप्या उचलून रुमालात गुंडाळल्या आणि जेवणाच्या डब्यात ठेवल्या.

"पूजेतलं उचलतेस?"

"हो."

"शेठना काय सांगशील?"

"काय सांगायचं ते तुम्हीच सांगा," ती म्हणाली. पण वाटेत रिक्षाच्या प्रत्येक धक्क्याला ती डबा सावरत होती. घरी तिने डबा देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि पुन्हा पुन्हा उघडून पाहिला.

सकाळी शेठनी सगळ्यांना आपट्याची पानं दिली आणि बटण दाबलं. पडद्यावर मालाची नावं उमटली. विनायकरावांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात एक अक्षर जागचं सुटलं आणि खाली जाऊन पडलं. मग दुसरं. मग जुन्या भिंतीचा चुना झडावा तशी सगळी अक्षरं पडद्याच्या तळाशी झडू लागली.



"व्हायरस! किल्ली कुणाकडे होती?" शेठनी विचारलं.

सगळे दमयंतीकडे बघू लागले. तिने डबा टेबलावर ठेवला. झाकणावर तिच्या बोटांचं कुंकू लागलं होतं. 

विनायकराव पुढे झाले. त्यांनी ताटातून किल्ली उचलली, तिच्यावरची झेंडूची पाकळी झटकली.

"माझ्याकडे होती, शेठ," ते म्हणाले. "बाहेरची फ्लॉपीही मीच लावली."

 शेठनी किल्लीसाठी हात पुढे केला, ती घेतली आणि दमयंतीपुढे धरली.

तिने ती घेऊन कमरेला खोचली. दिवसभर ताटात उघड्यावर पडलेल्या नकला तरी शाबूत असतील ना? दमयंतीने डबा उघडला.