तिसरी सही

तिने खुर्चीच्या फाटक्या गादीत दोन बोटं घातली, बाहेर डोकावणारा काथ्या आत ढकलला आणि कमरेच्या पिशवीतून वाकडी सुई काढली. नाट्यगृह रिकामं होतं. एकच दिवा जळत होता आणि त्याच्या उजेडात तिकीटखिडकीवरचे काका हातातल्या अर्जाकडे विंचवाकडे बघावं तसे बघत होते.

“रंगाऱ्याने केली सही?”

“सकाळीच. माझी धरून दोन झाल्या. वकीलबाई म्हणतात, मालकाकडे ज्यांचं येणं आहे असे तिघं लागतात.”

“पण तू तर खटला जिंकलीस ना गं?”

“जिंकले की. सासूबाई म्हणतात, आता तो निकाल तळून खा.”

काका हसले नाहीत. इथल्या साऱ्या खुर्च्या तिनेच शिवलेल्या. मालकाने पैसे बुडवले, कोर्टाने द्यायला सांगितले आणि वसुलीला माणूस आला तेव्हा मालकाच्या नावावर अंगातल्या सदऱ्याखेरीज काही उरलं नव्हतं. नाट्यगृह बायकोला बक्षीस लिहून दिलेलं! आता एकच वाट होती. मालकाला कोर्टाकडून दिवाळखोर ठरवून घ्यायचं. मग ते बक्षीसही रद्द होतं, सगळं विकलं जातं आणि येईल ते सगळ्यांत वाटलं जातं. पण परवा बक्षीसपत्राला दोन वर्षं होत होती. त्यानंतर त्याला कोर्टही हात लावणार नव्हतं. तिचं शिलाई मशीन सावकाराकडे गहाण होतं. अर्ज दाखल झाल्याचा कागद दाखव, तरच थांबतो, असं तो म्हणाला होता.

“टाळं लागेल इथे,” काका म्हणाले.

“लागेल.”

“मग मी रोज सकाळी कुठे जाऊ?”

“बिनपगारी तर कुठेही जाता येतं, काका.”

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. काकांनी अर्जाची घडी गुडघ्यावर सरळ केली, पुन्हा केली.

“घरी माहीत नाही.”

“काय?”

“पगार बंद आहे ते. वर्षभर पोस्टातली पुंजी मोडतोय. दर एक तारखेला हिच्या हातावर ठेवतो. ही म्हणते, मालक कसाही असो, पगाराला चोख आहे.” त्यांनी अर्जावर बोट ठेवलं. “यात सगळं लिहिलंय. कोर्टाचं पत्र घरी येणार.”

येताना तिने काय काय बोलायचं ठरवलं होतं. वेळ पडली तर पाय धरायचे, हेसुद्धा. तिने सुई पुन्हा कापडात घातली.

“शिवतेस कशाला? लिलावातच जाणार ना हे?”

“म्हणूनच. उसवलेल्याला भाव येत नाही.” तिने मान वर केली नाही. “तुमच्याही वाट्याला चार दाणे जास्त पडतील.”

काका उठले. पावलं लांब लांब गेली, दार वाजलं. अर्ज त्यांच्याच हातात होता. तिने कपाळ खुर्चीच्या पाठीला टेकवलं आणि तशीच बसून राहिली. ओरडावंसं वाटलं, पण मोकळ्या नाट्यगृहात आवाज फार घुमतो.

मग छतातले दिवे लागले. एक रांग, दुसरी, सगळे.

“आठव्या रांगेत भिंतीकडच्या दोन,” काका परत येत म्हणाले. “आणि वर बाल्कनीत पहिलीच. लोकांचे कपडे अडकायचे. त्यांची तिकिटं मी विकायचोच नाही.”

त्यांनी अर्ज शेजारच्या खुर्चीवर ठेवला. तिसरी सही अजून ओली होती. तिच्याखाली टाइप केलेला घराचा पत्ता त्यांनी पट्टी लावून नीट खोडला होता आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: तिकीटखिडकी, नाट्यगृह.

तिने ते वाचलं. मग आठव्या रांगेकडे जाताना दुसरी सुई ओवून त्यांच्या हातात दिली.