रिकाम्या पोटाचा बांध

मी एक म्हातारा मातीचा बांध आहे, मित्रांनो. गावाच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मध्ये, ओढ्याला आडवा पडून असतो. पडून असतो म्हणजे आळशी आहे असे समजू नका. आडवे पडणे हेच माझे काम आहे, आणि ते माझ्याइतके मन लावून कुणीच करत नाही. मांजरसुद्धा नाही.

मला बांधायला लावले ते ओढ्यानेच. एका वर्षी तो असा काही पिसाळला, की खालच्या गल्लीतल्या न्हाव्याची खुर्ची त्याने गिऱ्हाइकासकट उचलली आणि पुढच्या गावात नेऊन ठेवली. गिऱ्हाईक तिथे उतरले तेव्हा म्हणे दाढी अर्धीच झाली होती. खोटे वाटते? न्हाव्याला विचारा, तो अजून दाढीचे पैसे मागतो आहे. पण गल्लीत त्या दिवशी कुणी हसले नाही. घराघरांत कमरेएवढा चिखल बसला होता आणि भिजलेल्या गाद्या खांद्यावर घेऊन माणसे टेकडीवर बसून होती. तेव्हाच ठरले, की ओढ्याला वेसण घालायची.

मग माती आली. चिकण मातीचा थर पसरायचा, वर पाणी शिंपडायचे, रोलर फिरवायचा आणि पुन्हा नवा थर. मला इतके दाबले, मित्रांनो, की एक गांडूळ आत शिरायला आले आणि डोके चोळत परत गेले. पाण्याच्या बाजूला दगडांचे अस्तर लावले, गावाच्या बाजूला गवत. एक खांदा मुद्दाम खाली ठेवून दगडांनी बांधला. त्याला सांडवा म्हणतात. जास्तीचे पाणी तिथून जाते, माझ्या डोक्यावरून जात नाही. मातीच्या बांधाच्या डोक्यावरून पाणी गेले, की बांध उरत नाही, नुसता गढूळ ओढा उरतो.

आणि माझ्या तळाशी एक जाड नळ आहे. तो कायम उघडा असतो. ओढ्याचे रोजचे पाणी त्यातून गुणगुणत जाते. पूर आला की तो माझ्या पोटात शिरतो आणि नळातून मावेल तेवढाच खाली उतरतो. म्हणजे पूर गावात येतो, पण रांगेत येतो, धक्काबुक्की न करता. त्यासाठी माझे पोट रिकामे हवे. भरलेल्या पिशवीत आणखी भाजी कशी घ्याल?

लोकांना मात्र हे पटत नसे. पाहुणे कॅमेरे घेऊन यायचे आणि माझ्या पोटात चरणाऱ्या शेळ्या बघून परत जायचे. "पाणी नसलेलं धरण! म्हणजे इंजिन नसलेली मोटार," असे कुणीतरी म्हणायचे आणि बाकीचे हसायचे. शेळ्यांनी कधी तक्रार केली नाही. माझ्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या चरून त्यांचे एका बाजूचे पाय आखूड झाले होते. सपाटीवर बिचाऱ्या गोल गोल फिरायच्या.

मग आला कप्तान. त्याने आयुष्यभर बस चालवली होती, पण मनात कायम बोट होती. निवृत्त झाल्यावर त्याने बदकाच्या आकाराची एक बोट आणली आणि तिला बसचा हॉर्न बसवला. आता बोटीला पाणी हवे. त्याने माझ्या नळाच्या तोंडावर जाड फळ्या एकावर एक बसवल्या, प्रत्येकीला साखळी बांधली आणि ओढ्याची वाट बघत बसला. पाणी चढत चढत सांडव्याला टेकले. गाव लोटले. बोट हॉर्न वाजवत फिरू लागली. सावलीसाठी कप्तानाने माझ्या माथ्यावर झाडे लावली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. जन्मात पहिल्यांदा लोक मला सुंदर म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा माझे पोट दुखू लागले.

कप्तानाच्या मुलाची बेकरी खालच्या गल्लीत, अगदी माझ्या पायथ्याच्या रेषेत होती. आणि कप्तानाची सून धरणे तपासणारी इंजिनीअर होती. ती लांबच्या कामावर गेली होती. परत आली तेव्हा सासऱ्यांनी तिला तलाव दाखवायला आणले.

"बघ सूनबाई! आहे की नाही झकास? पहिली फेरी तुला फुकट."

सूनबाईने बोटीकडे पाहिलेच नाही. ती माझ्या मागच्या उतारावरून खाली उतरली आणि पायथ्याशी थांबली. तिथे एका जागी गवत नको तितके हिरवे होते. जरा वर घुशीने बीळ केले होते, त्यातून पाण्याने वाट काढली होती, आणि त्या हिरव्या गवतातून एक बारीक धार निघत होती.

"बाबा, फळ्या काढाव्या लागतील. आठवडाभरात मोठा पाऊस सांगितलाय. हा भरलेला असताना पूर आला, तर ठेवायचा कुठे?"

"काढाव्या लागतील म्हणजे? अगं, सगळं गाव खूश आहे!"

"गाव खूश आहे, बांध खूश नाही."

"त्यानं तुला येऊन सांगितलं वाटतं?"

"सांगतोय की. ऐकायला खाली यावं लागतं. सकाळी बेकरीतला काचेचा ग्लास घेऊन या आणि या धारेखाली धरा."

"आणि मग काय, प्यायचं?"

"नुसतं बघायचं. पाणी नितळ असेल तर मी गप्प बसते. गढूळ असेल तर तुम्ही सांगा काय करायचं ते."

कप्तान दुसऱ्या दिवशी कुरकुरत आला. ग्लास भरला, उन्हात धरला. पाणी दुधाच्या चहासारखे होते. त्याने ते ओतून टाकले, ग्लास धोतराने पुसला आणि पुन्हा भरला. पुन्हा तोच रंग. तळाशी माती बसू लागली. बारीक, पिवळी, चिकण माती. माझी माती, मित्रांनो. रोलरखाली जन्मलेली.

"सूनबाई," तो हळूच म्हणाला, "हे कुठनं येतंय गं?"

"आतून. घोट घोट चाललाय तो. भोक आतल्या आत मोठं होत जाईल, आणि एक दिवस सगळा बांध त्या वाटेनं जाईल. खाली पहिलं दार कुणाचं आहे, तुम्हाला माहीत आहे."

पहिले दार बेकरीचे होते. कप्तान तडक माथ्यावर चढला आणि त्याने स्वतःच्या हाताने सगळ्यांत वरच्या फळीची साखळी ओढली.

"एकदम नका हां, बाबा! पाणी भसकन उतरलं तर ओला उतार घसरतो. रोज थोडं थोडं."

"मी गच्च भरलेली बस घाट उतरवलीय. मला ब्रेक शिकवू नकोस!"

पण फळ्या त्याने तिने सांगितल्या तशाच काढल्या, एकेक करून. बदक हळूहळू खाली आले आणि चिखलात बसले. शेवटी ते हॉर्नसुद्धा वाजवीना, रुसलेच. तलाव गेला म्हणून लोक कप्तानाला टोमणे मारू लागले, तेव्हा त्याने त्यांच्याच हातात माती वाहायच्या पाट्या दिल्या. घुशीचे बीळ खणून काढले आणि पुन्हा थर, पाणी, ठोकणी करून भरले. पायथ्याच्या ओल्या जागेवर वाळू आणि खडीचा जाड थर टाकला, म्हणजे पाणी झिरपले तरी माती मागे राहील. झाडांची मुळे मला पोखरण्याआधी ती झाडे शाळेच्या अंगणात गेली.

आणि मग तो आला. सकाळीच आभाळ इतके खाली उतरले, की टेकडीवरच्या माणसांना वाकून चालावे लागले. थेंब असे, की दोन थेंबांत बादली भरावी. सूनबाईने भोंगा वाजवून खालची गल्ली रिकामी केली.

"बांध धड आहे ना? मग निघायचं कशाला?" बेकरीवाला म्हणाला.

"धड आहे म्हणूनच वरच्या शाळेत निवांत बसून वाट बघता येईल. पण पुराशी पैज नको. चल, भट्टी राहू दे!"

दुपारी ओढा माझ्या पोटात शिरला. झाडे, ओंडके, एक अख्खी शेड, सगळे घेऊन आला. मी गिळत गेलो. नळ गर्जू लागला. पाणी अस्तरावरून चढले, सांडव्यावर पोचले आणि दगडांवरून शिस्तीत वाहू लागले. ओढा धडका मारत होता आणि मी उभा होतो. बरे, आडवा होतो. पण असा आडवा, की त्याच्यापुढे टेकड्या लाजल्या! खाली खडीतून धार निघाली. भर पावसात कप्तानाने ग्लास भरला, डोळ्यासमोर धरला, आणि असा ओरडला की बसचा हॉर्न फिका पडावा:

"नितळ! सूनबाई, नितळ आहे गं!"

संध्याकाळी पाऊस थांबला. माणसे शाळेतून खाली आली. दारे उघडली, तर जमिनी कोरड्या. न्हाव्याची खुर्ची जागच्या जागी. गल्लीत त्या दिवशी नुकसान झाले ते एवढेच, की बेकरीच्या भट्टीत राहिलेले पाव करपले. ते करपलेले पाव सगळ्या गल्लीने रस्त्यात उभे राहून वाटून खाल्ले. इतका चविष्ट कोळसा आजवर कुणी खाल्ला नव्हता.

तर मित्रांनो, माझे मागणे फार नाही. माझ्या नळाला बूच लावू नका. माथ्यावर झाड लावू नका, गवत तेवढे राहू द्या. बीळ दिसले, भेग दिसली, धार गढूळ दिसली, तर "आपल्याला काय" म्हणून पुढे जाऊ नका, लगेच मोठ्यांना ओढून आणा. आणि मला रिकामा बघून कुणी हसले, तर हसू द्या. माझा नळ पुन्हा गुणगुणतो आहे, शेळ्या उतारावर आल्या आहेत, पोट साफ आहे. ओढ्याला सांगा, हिंमत असेल तर ये!